झडीतली उघडी खिडकी

ती मला पहिल्यांदा दिसली तेव्हा तिच्या पाच काचांमधली एक काच नव्हती. त्या जागी कुणीतरी पुठ्ठा खोचून वर चिकटपट्टी मारली होती. पुठ्ठा भिजून फुगला होता, चिकटपट्टीची कड काळी पडली होती. ट्रेलर विकणारे आजोबा म्हणाले, ही काढून टाका आणि सरकत्या काचेची बसवून घ्या, एका दिवसाचं काम. मी तिचं हँडल धरून फिरवलं. पहिले दोन फेरे नुसतेच गेले. मग आत कुठेतरी दाताला दात लागले, कर्रर असा लांबलेला आवाज आला आणि उरलेल्या चारही काचा एकदम, एका मापाने बाहेरच्या अंगाला उचलल्या गेल्या. बाहेर बारीक पाऊस होता. काचांवरून पाणी ओघळून खाली गवतात पडत होतं, आणि माझ्या तोंडावर ओल्या झाडांच्या वासाचा गार वारा येत होता. मी तळहात जाळीपाशी धरला. हातावर थेंब नाही.

ट्रेलर आम्ही तिथेच ठरवला. शेगडी, गादी, खालची चाकं नवऱ्याने मागाहून तपासली.

आम्ही राहतो ते अमेरिकेच्या वायव्य टोकाला, वॉशिंग्टन राज्यात. इथे गाडीमागे जोडून न्यायचं चाकांवरचं घर म्हणजे ट्रॅव्हल ट्रेलर, आणि तो असलेली घरं आमच्या गल्लीतच चार. आमचा अगदी लहान, १३ फुटी, १९७० च्या दशकातला, फायबरग्लासचा. लांबून पाहिलं तर अंडं आडवं ठेवल्यासारखा दिसतो. ही जात जन्मली कॅनडातल्या विनिपेगमध्ये, १९६८ साली. रे ओलेको नावाच्या गृहस्थांनी आधी फायबरग्लासची हलकी सेप्टिक टाकी तयार केली होती. त्याच विद्येने त्यांनी ट्रेलर केला. वरचा अर्धा भाग एका साच्यातून, खालचा दुसऱ्या साच्यातून, आणि दोन्ही पोटाशी जोडायचे. छताला सांधाच नाही. लाकडी सांगाड्यावर पत्रे ठोकलेल्या ट्रेलरला छताचे, कोपऱ्यांचे सांधे असतात आणि पाणी तिथूनच वाट काढतं. मग लाकूड कुजतं. आमच्या अंड्याला ते दुखणं नाही. तो गळला तर जिथे मुद्दाम भोक पाडलंय तिथेच गळणार, आणि सगळ्यांत मोठी भोकं खिडक्यांची. त्यामुळे घराची सगळी अब्रू खिडकीच्या हातात.

तिला इकडे जालूझी म्हणतात. शब्द मूळ फ्रेंच, अर्थ मत्सर. आतून बाहेरचं दिसावं आणि बाहेरच्याला आतलं दिसू नये, अशा तिरप्या पट्ट्यांच्या झडपेला तिकडे हे नाव पडलं आणि पुढे काचेच्या पट्ट्या आल्या तरी तेच चिकटून राहिलं. मला हे नाव तिला शोभत नाही असं वाटतं. तिच्यात मत्सर कसला? वारा, उजेड, पक्ष्यांचे आवाज, शेजारच्या शेकोटीचा धूर, सगळ्यांना ती घरात घेते. अडवते ते फक्त पाण्याला.

आपल्याला ती अनोळखी नाही. मुंबई-पुण्याच्या जुन्या फ्लॅटमध्ये बाथरूमला काचेच्या आडव्या पट्ट्यांची खिडकी असायची, ती हिची धाकटी बहीण. फक्त तिच्या काचा बहुधा एकेक करून हाताने सरळ कराव्या लागत आणि धुळीने घट्ट बसलेल्या असत. रेल्वेच्या जुन्या सेकंड क्लासच्या डब्यात काचेच्या जोडीला पट्ट्यापट्ट्यांची लोखंडी झडप असे, तीही याच घराण्यातली. पावसात काच पाडली की डबा घामट व्हायचा. मग कुणीतरी अनुभवी माणूस उठून काच वर सारायचा आणि ती झडप खाली ओढायचा. डब्यात वारा खेळायचा आणि मांडीवरचं वर्तमानपत्र कोरडं राहायचं. अमेरिकेत एअरकंडिशनर घरोघरी येण्याआधी फ्लोरिडातल्या घरांना अशा काचेच्या खिडक्या भरपूर होत्या. जिथे उकाडा आणि पाऊस एकाच वेळी येतात तिथलीच ही बाई.

तिची किंमत मात्र मला पहिल्या रात्री कळली नाही. पहिल्या रात्री मी तिला घट्ट मिटून घेतलं होतं.

सप्टेंबरअखेर होती. आम्ही ऑलिम्पिक नॅशनल पार्कमधल्या होह रेनफॉरेस्टच्या कॅम्पग्राउंडवर गेलो होतो. होहला वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे आमच्या रत्नागिरी जिल्ह्याच्या तोडीचा. तिथल्या मेपलच्या फांद्यांवर शेवाळ इतकं वाढतं की झाडांनी ओल्या घोंगड्या पांघरल्यासारख्या वाटतात. संध्याकाळी पाऊस लागला. कोकणातल्या माणसाला पाऊस लागला की हात आपोआप कडीकडे जातो. मी सगळ्या खिडक्या मिटल्या, छताच्या झरोक्याचं झाकण खाली ओढलं, शेगडीवर मुगाची खिचडी केली, चहा केला आणि आम्ही झोपलो.

पहाटे तीनला कपाळावर थेंब पडला. मग गालावर. टॉर्च लावून पाहिलं तर वरचं छत आतून भरून आलं होतं, थेंबांना थेंब लागून ओघळ झाले होते, भिंतीकडची उशी ओली, खिडकीच्या ॲल्युमिनियमच्या चौकटीतून पाण्याची धार. नवरा म्हणाला, गळतोय. मी रडवेली झाले. सकाळी उजेडात आम्ही वरून, खालून, चहूबाजूंनी पाहिलं. एक भेग नाही, एक रिव्हेट सैल नाही. शेवटी शेजारच्या साइटवरच्या एक आजी कॉफीचा मग घेऊन आल्या, आत डोकावल्या आणि त्यांनी विचारलं, रात्री कोणती खिडकी उघडी होती? एकही नव्हती, म्हटलं. त्या म्हणाल्या, "मग पाऊस बाहेरून आला नाही. हे पाणी तुमचंच आहे."

मी घरी येऊन हिशेब मांडला. झोपलेल्या माणसाच्या श्वासातून आणि अंगातून तासाला साधारण ४० ग्रॅम पाणी हवेत जातं. दोन माणसं, रात्रीचे सात तास, म्हणजे अर्धा लिटरहून जास्त. आमच्या ट्रेलरच्या पोटात हवा मावते जेमतेम ११ घनमीटर. २० अंशांच्या एका घनमीटर हवेत फार तर १७ ग्रॅम वाफ राहू शकते. सगळी मिळून पावणेदोनशे-दोनशे ग्रॅम. उरलेलं पाणी जाणार कुठे? सर्वांत गार जागा शोधून तिथे बसणार. त्यात गॅसची भर. एक किलो प्रोपेन जळला की सुमारे १.६ किलो पाणी तयार होतं, वाफेच्या रूपाने. म्हणजे खिचडीच्या पातेल्यातून वाफ निघाली तशी खालच्या ज्योतीतूनही निघत होती. शेगडीशेजारी एक पिवळी पट्टी चिकटवलेली असते: स्वयंपाक करताना छताचा झरोका उघडा, खिडकी उघडा, आणि शेगडीवर ट्रेलर ऊबवू नका. ती सूचना विषारी वायूसाठी आहे, जीव वाचवण्यासाठी आहे आणि ती पाळायलाच हवी. पण तिच्यातच ओलीवरचा उतारा आहे, हे मला तोवर सुचलं नव्हतं.

पावसात खिडकी मिटायची नसते, उघडायची असते. हे पचायला मला वेळ लागला, कारण माझ्या लहानपणचं सगळं शहाणपण याच्या उलट होतं. निदान मला तसं वाटत होतं.

त्यानंतर मी तिच्याकडे नीट पाहायला लागले.

तिच्या काचा चार बोटं रुंद, हातभर लांब. दोन्ही टोकांना ॲल्युमिनियमची चिमटीसारखी खोबण, तिच्यात काच बसलेली. सगळ्या खोबणी एका उभ्या सळईला जोडलेल्या. हँडल फिरवलं की आतला मळसूत्री दाता फिरतो, सळई सरकते आणि पाचही काचा एकत्र हलतात. एकीला कमी, एकीला जास्त असं काही नाही. मिटलेली असली की प्रत्येक काच खालचीवर बोटभर चढलेली असते, कौलासारखी. उघडली की वरची कड आत राहते, खालची बाहेर जाते. पडलेलं पाणी उतारावरून बाहेरच्या कडेला येतं, तिथून खालच्या काचेच्या पाठीवर, तिथून तिच्या खालच्या. पाच पायऱ्या उतरून जमिनीवर. एका खिडकीत पाच वळचणी आणि पाच ओळी पागोळ्या. जाळी आतल्या बाजूला, म्हणून तीही कोरडी.

किती उघडायची, यात सगळं कसब. काचा ४५ अंशांवर असल्या की वरचीची बाहेरची कड खालचीला अशी झाकते की थेंबाला सरळ आत शिरायचं तर उभ्या रेषेपासून पासष्ट अंशांहून जास्त कलावं लागतं. पूर्ण आडव्या केल्या तर मात्र काच वळचण राहत नाही, तिचा पाट होतो, आणि पाटावर पडलेला थेंब उडून आत येतो. नवखा माणूस इथेच फसतो. उकडलं की तो हँडल टोकापर्यंत फिरवतो आणि मग खिडकीला दोष देतो.

आणि मला सगळ्यांत नवल वाटलं ते हे: जोराचा पाऊस तिला सोपा, बारीक पाऊस अवघड. दोन मिलिमीटरचा थेंब सेकंदाला सुमारे साडेसहा मीटर वेगाने खाली येतो. ताशी १८ किलोमीटरचा वारा असला तरी तो अडतीसएक अंशच कलतो, आणि ती त्याला सहज परतवते. अर्ध्या मिलिमीटरचं तुषारासारखं पाणी सेकंदाला दोनच मीटर उतरतं. तेवढ्याच वाऱ्यात ते जवळजवळ आडवं होऊन चालायला लागतं. म्हणून आषाढातल्या धो धो पावसात ती निवांत असते आणि भुरभूर लागली, वर वारा सुटला, की दोन फेरे मिटून घ्यावी लागते. होहचा पाऊस बहुतेक वेळा असाच, बोलल्यासारखा न वाटणारा, दिवसभर कुजबुजणारा. तिच्या मूळ स्वभावाच्या विरुद्धच्या गावी तिला नांदायला लागलं, आणि तरी ती नांदली.

तिची दुखणीही सांगायला हवीत, कारण ती लपवून तिची बाजू घेणं खरं नव्हे.

पहिलं दुखणं म्हणजे ती कधीच पूर्ण मिटत नाही. काचेवर काच टेकते, मध्ये रबराची बारीक पट्टी असते, ती काही वर्षांत कडक होऊन तडकते. हिवाळ्यात तिच्याजवळ बसलं की मानेवर थंडी उतरते. दुसरं, वाऱ्याचा दाब. वळचणीचं पाणी आढ्याला जात नाही असं आपण म्हणतो. पण दोन काचांच्या केसभर फटीत पाणी आपसूक थोडं वर चढतं, आणि मागून वारा रेटत असेल तर आणखी. ताशी ५४ किलोमीटरचा वारा समोरून आपटला तर त्याच्या दाबाने पाण्याचा स्तंभ जवळजवळ दीड सेंटीमीटर उचलला जातो. काचेवर काच चढलीय ती तेवढीच, बोटभर. हायवेवर ताशी ९० किलोमीटरने ट्रेलर ओढत असताना पुढच्या तोंडावर बसणारा दाब त्याच्या पावणेतीनपट. म्हणून पुढच्या खिडकीवर फायबरग्लासचं झाकण असतं. रस्त्याला लागायच्या आधी ते पाडून बांधायचं, दगडांसाठीही आणि पाण्यासाठीही. रस्त्यावर असताना तिची कसोटी घेऊ नये. ती मुक्कामाची खिडकी आहे.

तिसरं दुखणं तिचं नव्हतं, माणसांनी लावलेलं होतं. आधीच्या कुणीतरी चौकटीभोवती बोटाने सिलिकॉन थापलं होतं, थरावर थर, अगदी खालच्या कडेलाही. चौकटीच्या तळाला दोन लहान चिरा असतात. आत आलेलं थोडं पाणी त्यातून बाहेर निसटावं म्हणून त्या बनवणाऱ्याने मुद्दाम ठेवलेल्या असतात. त्या याने बुजवल्या. गळतंय म्हणून बुजवल्या, आणि बुजवल्या म्हणून गळत राहिलं. मी लाकडाच्या चपट्या काडीने ते सिलिकॉन खरवडून काढलं, सगळा रविवार गेला. दुसरी चीर मोकळी झाली तेव्हा तिच्यातून आधी काळा चिखल आला, मग पाइनची एक सुई, आणि मग पाव वाटीभर पाणी सरळ धारेने बाहेर पडलं. किती वर्षं ती ते पोटात धरून बसली होती कोण जाणे. मग चौकट पूर्ण उतरवली, मागे नवी ब्यूटाइल टेप लावली. ही काळी, चिंगमसारखी पट्टी असते, ती लवकर वाळत नाही, दाबली की फटीत शिरते. चौकट पुन्हा बसवली आणि दोन्ही चिरा मोकळ्या ठेवल्या. पाचवी काच गावातल्या काचवाल्याने कापून दिली. खोबणीचं पान वाकवून ती आत सरकवताना माझा श्वास अडकला होता. ते ॲल्युमिनियमचं पान दोनतीनदा वाकवलं की तुटतं, आणि तुटलं तर तसलं दुसरं शोधत फिरावं लागतं.

दाताला तेल नाही, कोरडं ग्राफाइट घातलं. तेलावर धूळ बसते. कर्रर आवाज कमी झाला, गेला नाही. तो मला जायला नकोच होता.

पुढच्या वर्षी आई आली, राजापूर तालुक्यातल्या आमच्या गावाहून, सहा महिन्यांसाठी. मे महिन्यात तिला होहला घेऊन गेलो. गाडीतून उतरल्या उतरल्या ती झाडांकडे बघत राहिली. म्हणाली, आंबोली दिसते, फक्त माकडं नाहीत. रात्री तिला खिडकीजवळची जागा दिली. दिवसा तिथे टेबल आणि दोन बाकं असतात, रात्री टेबल खाली पाडलं की त्याचाच पलंग. पाऊस लागला तशी ती उठून बसली.

"अगो, खिडकी लाव ती. झड आत येईल."

"येत नाही गं आई. हात लावून बघ."

तिने चष्मा चढवला. जाळीमागे हात धरून ती बराच वेळ थांबली, वरून खाली, मग पुन्हा वर. मग काचेच्या कडेवर एक थेंब कसा जमतो, लांबतो आणि खालच्या काचेवर पडतो ते टॉर्चच्या उजेडात बघत बसली. मी झोपायच्या बेतात होते तेव्हा तिचं बोलणं ऐकू आलं.

"हे तर झाप आहे गो. काचेचं."

मी जागी झाले. तिचं खरं होतं. आमच्या घरी मृगाच्या आधी पडवीला झापं बांधायचे. माडाची झावळी मधोमध चिरून, भिजत घालून विणलेली. ती पडवीच्या बाहेरच्या अंगाला तिरपी टेकवून सुंभाने आवळायची. पात्यावरून पाणी पात्याला धरून खाली उतरतं, आणि पात्यापात्यांमधून वारा येतो. झापं बांधली की पडवीत हिरवट काळोख व्हायचा, पण तिथे धान्य वाळायचं, कपडे वाळायचे, आजोबा चार महिने तिथेच निजायचे. दारं-खिडक्या लावून घेतलेलं घर मला आठवत होतं ते माजघर, पोरांना निजवायचं. पडवी मी विसरले होते. पावसात उघडं राहायचं कसं, हे माझ्या घराला माहीत होतं. मीच ते बरोबर आणलं नव्हतं.

त्या रात्रीचं एक सांगते. पहाटे कर्रर ऐकू आलं. मी डोळे उघडले तर आई पांघरुणातून हात काढून, पडल्या पडल्या, हँडल फिरवत होती. दोन फेरे. काचा थोड्या मिटल्या. मी विचारलं काय झालं. "वारा फिरला," म्हणाली आणि कुशीवर वळून झोपली. सकाळी पाहिलं तर ट्रेलरची तिची बाजू भिजून निथळत होती, दुसरी बाजू कोरडी. रात्री निजताना नेमकं उलट होतं. आत तिच्या उशीवर एक थेंब नव्हता, छताला ओल नव्हती. पन्नास वर्षं जुन्या खिडकीची आणि सत्तर वर्षांच्या बाईची एका रात्रीत गट्टी जमली होती. मला तिथे पोचायला दोन हंगाम लागले होते.

तेव्हापासून आम्ही जागा निवडतानाच वारा बघतो. कलालॉकला समुद्राच्या कड्यावर मुक्काम असला की तिथला पाऊस पॅसिफिकवरून थेट अंगावर येतो. तिथे ट्रेलरचं तोंड वाऱ्याला द्यायचं, वाऱ्याच्या आडोशाची खिडकी निम्मी उघडायची आणि छताचा झरोका बोटभर. छताचा झरोका १४ इंच चौरस. त्यावर बाहेरून प्लॅस्टिकचं टोपडं बसवून घेतलंय, त्यामुळे तोही पावसात उघडा राहतो. गार हवा खालून खिडकीने आत येते, ऊबदार ओली हवा वर चढून झरोक्यातून जाते. पंखा नसला तरी चालतं. एकदा रात्री मेणबत्ती लावून मी ज्योत झरोक्याखाली धरली होती. ती सरळ वर ओढली गेली, हलली नाही.

बाजारातल्या आजच्या बऱ्याच ट्रेलरना सरकत्या काचेच्या खिडक्या येतात. बसवायला सोप्या, वजनाला हलक्या, मिटल्या की घट्ट मिटतात, हे त्यांचे गुण मी नाकारत नाही. पण सरकती काच उघडली म्हणजे भिंतीला उभं भोक. पाऊस असला की ते मिटावंच लागतं आणि मग माणसं आपल्याच वाफेत झोपतात. मग लोक खिडकीवर प्लॅस्टिकच्या भुवया चिकटवतात, छोट्या कापडी ऑनिंग लावतात, कुणी ताडपत्री ताणतात. ऑनिंग चांगली, पण तिचं एक टोक खाली हवं. सपाट ताणली तर पाणी साचतं. अंगठ्याच्या रुंदीएवढ्या खोलीचं तळं साचलं तरी एका चौरस मीटरला वीस-पंचवीस किलो होतात, आणि मग दांडा वाकतो. वरच्या कडेला बिजागरी असलेली, खालून बाहेर ढकलायची खिडकीही पावसात उघडी राहते. ती मिळत असेल तर जरूर घ्यावी. माझं मत विचाराल तर उतारात कमी-जास्त करायचं बारीक कसब मात्र जालूझीतच आहे. ज्यांनी तो उतार पहिल्यांदा काचेला दिला त्यांना पाऊस कळला होता.

आई परत गेली. फोनवर नातवंडांची चौकशी झाली की तिचा पुढचा प्रश्न, "आणि खिडकी?" घरी तिच्या खोलीला आता ॲल्युमिनियमच्या सरकत्या काचा आहेत. पावसाळाभर त्या लावून घ्यायच्या आणि गणपतीपर्यंत भिंतीला बुरशी, गोधड्यांना कुबट वास. गेल्या जूनमध्ये तिने पडवीला पुन्हा झापं बांधून घेतली. झाप विणणारी माणसं गावात दोनच उरली आहेत. दोघांनाही तिने बोलावलं, आणि शेजारच्या पोराला ते बघायला बसवलं.

कुणाकडे जुना ट्रेलर असेल आणि त्याला अशी खिडकी असेल, तर कृपा करून ती कापून टाकू नका. आधी तळाच्या चिरा मोकळ्या करा. रबराची पट्टी बदला. काच फुटली असली तर ती जाडी सांगितल्यावर कुठलाही काचवाला कापून देतो. फक्त त्याच्याकडून कडा घासून घ्या.